३,४१५ रुपयांचं बिल आणि माझ्या दोन खोल्या

आंजर्ल्यात आमचं घरगुती राहण्या-जेवणाचं आहे. तीन खोल्या, पुढे खळं, मागे नारळ-पोफळीचं आगर. आणखी दोन खोल्या बांधायच्या म्हणून यंदा फेब्रुवारीत कर्जाला गेले आणि पाच वर्षांपूर्वी वादळात गेलेल्या एका सिमच्या बिलापायी अडकले. सुटायला तीन महिने लागले. त्या काळात कुठे काय लिहायचं, कुणाला आधी विचारायचं हे सांगणारं कुणी भेटत नव्हतं. म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवतेय.

सुरुवात निसर्ग वादळापासून करावी लागेल. ३ जून २०२०. वादळ किनाऱ्याला लागलं ते आमच्या वरच्या अंगाला, श्रीवर्धन-दिवेआगरकडे, पण दापोली तालुक्याच्या या पट्ट्यातही आगरं उभी राहिली नाहीत. आमच्या मधल्या खोलीवर माड आडवा झाला. कौलं फुटली आणि आत गुडघाभर पाला-पाणी साचलं. त्याच खोलीत पाहुण्यांच्या वायफायचा डोंगल खिडकीत ठेवलेला असायचा. दोन दिवसांनी चिखलातून हाताला लागला.

तेव्हा माझ्याकडे एका कंपनीचं पोस्टपेड होतं. मुख्य नंबर माझा, म्हणजे पाटीवर रंगवलेला बुकिंगचा नंबर. त्याच्या जोडीचं ॲड-ऑन सिम त्या डोंगलमध्ये. दोन्हीचं मिळून एकच बिल यायचं. वादळानंतर त्या कंपनीची रेंज गावात येईना. जुलैअखेर दुसऱ्या एका कंपनीची आली, तेव्हा नंबर तिकडे न्यायचं ठरवलं. पोर्टिंगसाठी १९०० वर मेसेज पाठवायचा तर जुन्याच सिमवरून, आणि त्याला तर रेंज नाही. मग कड्यावरच्या गणपतीकडे जाणारी पाखाडी अर्धी चढून गेले, तिथे एक काडी दिसली, तिथून मेसेज पाठवला. ७ ऑगस्ट २०२० ची गोष्ट. ११ ऑगस्टला कंपनीला ई-मेल केला की मुख्य नंबर पोर्ट होतोय, ॲड-ऑन सिम बंद करा, डोंगल वादळात गेलाय. विनंती नोंदवल्याचं उत्तर आलं, त्यात क्रमांक होता. १४ तारखेला नंबर पोर्ट झाला. शेवटचं बिल ६४२ रुपयांचं आलं, ते २० ऑगस्टला भरलं. माझ्या दृष्टीने हिशेब तिथेच संपला.

२०२२ मध्ये एकदा वसुलीवाल्याचा फोन आला होता. तुमचं पोस्टपेड बिल थकलंय, आत्ता भरा, लिंक पाठवतो. अशा फोनवर पैसे द्यायचे नाहीत हे इतक्यांदा ऐकलं होतं की मी तो लगेच ठेवला. पैसे दिले नाहीत ते बरोबरच. पण त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत नंबरावर फोन करून खरं-खोटं विचारायला हवं होतं, ते माझ्याकडून राहिलं.

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार. दापोलीच्या बँकेत सहा लाखांच्या कर्जाचा अर्ज दिला. प्लॅन, ग्रामपंचायतीचा दाखला, घरपट्टी, पर्यटन विभागाचं नोंदणीपत्र, तीन वर्षांचे रिटर्न, सगळं जोडलं होतं. गवंड्याशी बोलणं झालं होतं, जांभ्याच्या चिऱ्यासाठी खाणवाल्याला पाच हजार ॲडव्हान्स दिला होता. इकडे बांधकामाला वेळ असतो तो दिवाळीपासून मेपर्यंत. फेब्रुवारीत काम लागलं असतं तर स्लॅब पावसाआधी पडला असता.

१४ तारखेला बँकेतून फोन आला. साहेब म्हणाले, “ताई, सिबिल ६११ आलंय. एक राइट-ऑफ दिसतंय, टेलिकॉमचं, ३,४१५ रुपये. हे असताना फाइल पुढे जाणार नाही.”

मला पहिल्यांदा समजलंच नाही. आमच्या घरात सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरलं नाही असं एक साल गेलेलं नाही. सासूबाई त्यासाठी सुपारीचे पैसे वेगळे बांधून ठेवतात. आणि कागदावर माझ्या नावापुढे बुडवलेलं कर्ज. फोन ठेवल्यावर ह्यांना सांगायलाही जीभ उचलेना. तीन-साडेतीन हजारांची लाज वाटत होती, आणि ती चूक माझी आहे की नाही हेसुद्धा तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्वतःचा क्रेडिट अहवाल काढला. कुणी कर्ज-बिलं कशी फेडली याची माहिती ठेवणाऱ्या आपल्याकडे चार कंपन्या आहेत, त्यांना ब्युरो म्हणतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून लागू आहे. वेबसाइट उघडली की पैसे भरायच्या योजना आधी दिसतात. जरा धीर धरून मोफत अहवालाची लिंक शोधा, ती असतेच. पॅन, जन्मतारीख, ओटीपी, आणि दहा मिनिटांत पीडीएफ हातात.

अहवाल बघायची सवय नसली तर घाबरायला होतं. वर एक कंट्रोल नंबर असतो, तो आधी वहीत लिहून घ्या, पुढे तक्रारीत लागतो. मग स्कोअर, जो ३०० ते ९०० च्या मध्ये कुठेतरी असतो. त्याखाली एकेक खातं. माझं किसान क्रेडिट कार्ड स्वच्छ होतं. त्याखाली ‘टेल्को – वायरलेस’ असं एक खातं, उघडल्याची तारीख १४ ऑगस्ट २०२०, थकबाकी ३,४१५, स्थिती ‘राइटन-ऑफ’.

त्या तारखेने माझे डोळे उघडले. माझा नंबर ज्या दिवशी पोर्ट झाला, त्याच दिवशी माझ्या नावाने एक नवीन खातं सुरू झालं होतं.

रविवारी भाच्याला फोन केला. तो चिपळूणला सीएकडे शिकायला आहे. तोवर घरातले, शेजारचे, सगळे एकच सांगत होते की भरून टाक आणि मोकळी हो, सहा लाखांपुढे साडेतीन हजार म्हणजे काय. मीही त्याच मनाला आले होते. तो म्हणाला, “मामी, भरू नकोस. आत्ता भरलंस तर थकबाकी शून्य होईल, पण खातं बुडालं होतं हे पानावर तसंच राहील. आणि भरलंस म्हणजे बिल बरोबर होतं असं तू मान्य केलंस. आधी त्यांच्याकडून लिहून घे की बिलच चुकीचं आहे.” त्यानेच संचार साथी या सरकारी वेबसाइटवर माझ्या नावावर आज किती नंबर आहेत ते बघायला लावलं. आपला नंबर आणि ओटीपी टाकला की यादी दिसते. ॲड-ऑनचा नंबर त्यात नव्हता, म्हणजे सिम कधीतरी बंद झालं होतं. निदान ती एक काळजी मिटली.

सोमवारी, १७ तारखेला, तक्रार करायला बसले आणि पहिल्याच पायरीवर अडखळले. मोबाइलच्या तक्रारीसाठी १९८ हा मोफत नंबर असतो. मी फिरवला, तो लागला माझ्या आताच्या कंपनीला. ज्या कंपनीचं सिम हातात आहे, तिच्याच तक्रार केंद्राला १९८ जातो. जुन्या कंपनीची तक्रार करायची तर तिचा सर्व नेटवर्कवरून चालणारा नंबर शोधावा लागतो. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणारी संस्था, तिच्या वेबसाइटवर सगळ्या कंपन्यांच्या तक्रार केंद्रांचे आणि अपील प्राधिकरणांचे पत्ते सर्कलनुसार, म्हणजे विभागानुसार दिलेले आहेत, तिथे तो मिळाला. आपलं सर्कल ‘महाराष्ट्र आणि गोवा’. मुंबईचं वेगळं आहे. ट्राय स्वतः कुणा एकाची तक्रार सोडवत नाही, पण पत्ते तिथलेच घ्यावेत. गुगलवर वर दिसणारे कस्टमर केअरचे नंबर फसवणुकीचे असू शकतात.

बावीस मिनिटं थांबल्यावर एक मुलगी बोलली. तिने खातं बघितलं आणि म्हणाली, “मॅडम, आज सेटलमेंट केलंत तर सतराशेत क्लोज होईल.” खरं सांगते, हात यूपीआयकडे गेला होता. सतराशे रुपये म्हणजे एका खोलीचं एका रात्रीचं भाडं. पण भाच्याचं बोलणं आठवलं. सेटलमेंट केलं की अहवालात ‘सेटल्ड’ असं लागतं, आणि बँका त्याचा अर्थ पूर्ण पैसे दिले नाहीत असाच घेतात. मी सांगितलं की मला पैसे भरायचे नाहीत, बिल चुकीचं आहे अशी तक्रार नोंदवायची आहे. तिने पुन्हा ऑफर सांगितली, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या खेपेला तिने तक्रार नोंदवली आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मेसेजने आला. हा डॉकेट नंबर मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. पुढची प्रत्येक पायरी तो मागते. त्याच फोनवर मी सगळ्या बिलांच्या प्रतीही मागितल्या, त्या दोन दिवसांनी ई-मेलने आल्या.

सहा बिलं. सप्टेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१. प्रत्येकात ३९९ रुपये भाडं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७०.८२. दुसऱ्या बिलापासून दर महिन्याला विलंब शुल्क करासह ११८. सहा महिन्यांचे २,८२४.९२ आणि पाच विलंबांचे ५९०, मिळून ३,४१४.९२. हिशेब तंतोतंत जुळला. पान उलटलं तर वापराचा तक्ता: कॉल शून्य, एसएमएस शून्य, डेटा ०.०० एमबी. सहाही महिने हेच. आणि संपर्क क्रमांकाच्या रकान्यात ॲड-ऑनचाच नंबर. ई-मेलचा रकाना रिकामा.

म्हणजे काय झालं होतं ते आता कळलं. मुख्य नंबर गेल्यावर ॲड-ऑन बंद व्हायचं, त्याऐवजी त्यांच्या सिस्टीमने त्याला स्वतंत्र पोस्टपेड करून टाकलं. बिलाचे मेसेज जात होते ते चिखलातल्या डोंगलमधल्या सिमवर.

तो डोंगल मी टाकला नव्हता. वादळातल्या काही वस्तू का ठेवल्या जातात कोण जाणे. सासूबाईंच्या पत्र्याच्या ट्रंकेत, फुटक्या काचेच्या तसबिरीखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. बाहेर काढला तर चार्जिंगच्या भोकात अजून वाळू, बॅटरी फुगून झाकण वर आलेलं, आणि सिमची सोनेरी पट्टी गंजून हिरवी-काळी झालेली. सिमवरचा लांबलचक नंबर मात्र वाचता येत होता. खळ्यातल्या उन्हात ठेवून त्याचे फोटो काढले. जुना फोन गेल्यामुळे पोर्टिंगचे मेसेज नव्हते. ई-मेल होते. ६४२ रुपये गेल्याची नोंद बँकेच्या २०२० च्या स्टेटमेंटमध्ये मिळाली. तलाठ्याकडच्या वादळाच्या पंचनाम्याची प्रत आमच्याकडे होतीच, नुकसानभरपाईसाठी घेतलेली. त्यात ‘मधल्या खोलीचे छप्पर कोसळले’ असं लिहिलेलं आहे, तीसुद्धा जोडली.

दरम्यान १९ फेब्रुवारीला सिबिल या ब्युरोच्या वेबसाइटवर डिस्प्यूट, म्हणजे नोंदीवर हरकत, टाकला होता. तो मोफत असतो. त्या खात्यावर जाऊन रक्कम आणि स्थिती दोन्ही चुकीची असल्याचं नोंदवलं, डिस्प्यूट क्रमांक आला, आणि अहवालात त्या खात्यापुढे हरकत घेतल्याची खूण लागली. इथे एक समजून घ्यायला मला वेळ लागला. ब्युरो स्वतःहून एक अक्षर बदलत नाही. माहिती ज्याने दिली त्याला ती विचारते, आणि तो जे सांगेल ते ठेवते. म्हणून खरी लढाई ब्युरोशी नसतेच, ती कंपनीशी असते. तरी डिस्प्यूट पहिल्या दिवसापासून टाकून ठेवावा, तारखेची नोंद राहते. शिवाय २६ एप्रिल २०२४ पासून असा नियम आहे की क्रेडिट अहवालाची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते.

६ मार्चला कंपनीचा मेसेज: आपली तक्रार सोडवली आहे, बिल योग्य आहे. एवढंच.

त्या दिवशी मी जेवले नाही. गवंडी संध्याकाळी येऊन गेला. “वहिनी, हर्णैला एक काम आलंय. तुमचं नक्की असेल तर थांबतो.” मी त्याला थांब म्हणू शकले नाही. माणसाला महिनाभर रिकामं ठेवायचं कसं?

१० मार्चला अपील केलं. कंपनीच्या तक्रार केंद्राने समाधान केलं नाही तर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत जाता येतं, ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार. फी नाही, वकील लागत नाही, आणि ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तेही कंपनीचंच आहे म्हणून काय उपयोग, असं मला वाटत होतं. पण तिथे निदान कागद वाचणारा माणूस असतो. फोनवरच्या मुलीला समोरच्या स्क्रीनबाहेर काही करता येत नाही, त्यात तिचा दोष नाही.

पहिला मसुदा मी चार पानी लिहिला होता, त्यात वादळ, लॉकडाउन, सगळा राग. भाच्याने तो एका पानावर आणला. शेवटी गेला तो असा:

“१) दि. ११/०८/२०२० रोजी मी ॲड-ऑन सिम बंद करण्याची लेखी विनंती केली. आपण ती नोंदवल्याचा ई-मेल सोबत आहे. २) दि. १४/०८/२०२० रोजी मुख्य नंबर पोर्ट झाला. पोस्टपेडची देय बिले थकलेली असल्यास पोर्टिंगचा कोड मिळत नाही, त्यामुळे पोर्टिंगच्या वेळी माझ्याकडे देय बिलाची बाकी नव्हती. ३) अंतिम बिल रु. ६४२ दि. २०/०८/२०२० रोजी भरले. ४) त्यानंतरच्या सहाही बिलांत वापर शून्य आहे. ५) ॲड-ऑन सिमचे स्वतंत्र पोस्टपेड खाते करण्यास मी संमती दिली असल्यास तो अर्ज, सही किंवा ओटीपीची नोंद दाखवावी. ६) नोंद नसल्यास बिले रद्द करावीत, थकबाकी नसल्याचे पत्र द्यावे, आणि सर्व क्रेडिट माहिती कंपन्यांना दुरुस्त माहिती पाठवावी.”

पाचवा मुद्दा भाच्याचा. माझ्या मते सगळं त्यावरच सुटलं, कारण त्याला ‘बिल योग्य आहे’ हे उत्तर चालत नाही.

ई-मेल केला आणि दापोलीच्या पोस्टातून स्पीड पोस्टही. ४७ रुपये, झेरॉक्सचे ६४. पोचपावती वहीत चिकटवली. एक वेगळी वही केली होती, शंभर पानी. डाव्या बाजूला तारीख, वेळ, कोण बोललं, उजवीकडे क्रमांक. तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे पाच वेगवेगळे क्रमांक झाले होते. वही नसती तर मी त्यातच हरवले असते.

१९ मार्चला ब्युरोचं उत्तर आलं, अठ्ठाविसाव्या दिवशी. संबंधित कंपनीने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे, बदल केलेला नाही. तीस दिवसांच्या आत उत्तर आल्यामुळे भरपाईचा प्रश्नच आला नाही. या टप्प्यावर तुम्ही पोचाल तेव्हा खचू नका. कंपनीच्या एका टेबलाला दुसऱ्या टेबलावरचं अपील माहीत नसतं.

२२ मार्चला केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार टाकली. त्याआधी कंपनीकडे जाऊन आलेलं असावं लागतं, म्हणून डॉकेट नंबर आणि अपिलाची तारीख दोन्ही लिहिली. त्याच आठवड्यात ग्राहक आयोगाचाही विचार करून ठेवला. मोबाइलच्या तक्रारी तिथे चालतात की नाही यावर बरीच वर्षं वाद होता, तो फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटवला, त्या चालतात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. तरी सुनावणीला जायचं झालं तर आम्हाला रत्नागिरी, म्हणजे एसटीने सगळा दिवस. ती पायरी शेवटची ठेवली, पण कागद लावून ठेवले. ब्युरो दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येतं. १ सप्टेंबर २०२२ पासून या क्रेडिट माहिती कंपन्या त्याच्या कक्षेत आल्या आहेत. मला तिथवर जावं लागलं नाही.

मग नुसती वाट. होळी होऊन गेलेली, शिमग्याच्या पालख्या घरोघर फिरून सहाणेवर परतलेल्या. पाहुण्यांचा हंगाम तोंडावर. मोदक वळताना, भाकऱ्या थापताना डोक्यात तेच. रात्री दोनला उठून ई-मेल बघायची सवय लागली. ह्यांनी एक दिवस फोन काढून घेतला आणि म्हणाले, “सकाळी सातला एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा. मधे नाही.” हे मात्र फार उपयोगी पडलं.

९ एप्रिल, बुधवार. कंपनीच्या नोडल कार्यालयातून फोन आला. आवाज वयस्कर, शांत. त्यांच्यासमोर दूरसंचार विभागाकडून आलेली माझी तक्रार होती. त्यांनी सगळं पहिल्यापासून विचारलं. मी वही उघडून तारखा सांगत गेले. शेवटी ते म्हणाले, “मॅडम, संमतीची नोंद मला सिस्टीममध्ये दिसत नाही. डोंगलचे फोटो पुन्हा पाठवा.” दोन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी ‘दिसत नाही’ असं म्हणालं होतं. फोन ठेवून मी मागल्या दारी जाऊन रडले.

१५ एप्रिलला अपिलाचा निर्णय आला. सहाही बिलं रद्द, थकबाकी शून्य. सोबत थकबाकी नसल्याचं पत्र. छत्तिसावा दिवस होता.

पत्र नीट वाचा, हे मी मुद्दाम सांगतेय. माझ्या पत्रात बिल रद्द केल्याचं होतं, पण क्रेडिट माहिती दुरुस्त करण्याबद्दल एक ओळ नव्हती. पहिल्या आनंदात ते लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी बँकेत पत्र घेऊन गेले तर साहेब म्हणाले, “पत्र ठीक आहे, पण आमच्या सिस्टीमला अहवाल दिसतो.” बिल रद्द होणं आणि अहवाल सुधारणं ही दोन वेगळी कामं आहेत. १७ एप्रिलला कंपनीला पुन्हा ई-मेल केला की अपिलातला सहावा मुद्दा बाकी आहे. त्याच दिवशी ब्युरोकडे दुसरा डिस्प्यूट टाकला, पत्राचा क्रमांक आणि तारीख लिहून.

त्याच सुमारास उरलेल्या तिन्ही ब्युरोंचेही मोफत अहवाल काढले. त्यातल्या एका ठिकाणी तीच नोंद होती, दोघांकडे काहीच नव्हतं. एकाकडे सुधारलं म्हणजे सगळीकडे सुधारलं असं होत नाही. बँक उद्या दुसऱ्याच ब्युरोचा अहवाल काढू शकते, म्हणून तिथेही डिस्प्यूट टाकला.

१२ मे रोजी पहिल्या ठिकाणची नोंद बदलली. ‘राइटन-ऑफ’ गेलं, खातं बंद, बाकी शून्य. दुसऱ्या ठिकाणी १९ मेला. स्कोअर लगेच वर येत नाही, दोन-तीन आठवडे जातात. ६ जूनला बँकेने पुन्हा काढला तेव्हा ७२४ होता. २७ जूनला कर्ज मंजूर झालं.

पण यंदा पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात उतरला होता. जूनअखेर आमच्या खळ्यात शेवाळ धरलेलं. बांधकाम पाच महिने पुढे गेलं. खाणवाल्याने चिरा दुसऱ्याला दिला आणि ॲडव्हान्समधले दोन हजारच परत केले. माझा खरा खर्च विचाराल तर पोस्ट, झेरॉक्स, दापोलीच्या सात खेपा मिळून हजाराच्या आत, चिऱ्याचे तीन हजार गेले, आणि दिवाळीच्या सुट्टीत दोन खोल्यांचं जे उत्पन्न यायचं ते आलं नाही. त्याबद्दल कंपनीकडे मी भरपाई मागितली नाही. मागायला हवी होती असं आता वाटतं. तुमची वेळ आली तर अपिलातच मागा, नंतर तो धागा पुन्हा जोडणं अवघड जातं.

३ नोव्हेंबरला चिऱ्याची पहिली गाडी आली. हर्णैचं काम संपवून तोच गवंडी आलाय. त्याने दोरी लावून पाया आखला, सासूबाईंनी कोपऱ्यावर नारळ फोडला. डोंगल परत ट्रंकेत ठेवलाय, आणि वही कपाटात, कर्जाच्या फायलीशेजारी. पहिला हप्ता १० डिसेंबरला आहे.